काचेच्या कडेचं नेलपॉलिश

मुळाची पेशी जिवंत असते तोवर तिचं स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण सतत हलत असतं. खारट पाण्यात ते आवरण तुटून त्याचे ठिपके होतात, असं मी चमकणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. त्या ठिपक्यांवरच माझी नेमणूक वाढणार होती.

"उद्या समितीपुढे बसायचंय. आणखी दोन फोटो काढ, म्हणजे सुटलो," आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

दुपारी खारट पाण्यातलं मूळ काचेवर ठेवलं, वर पातळ काच ठेवून कडांना नेलपॉलिश लावू लागले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली.

"अगं, पेशींना पार्लरला नेतेस की काय?"

"लेकीसाठी दूध काढून ठेवायला जायचंय. तेवढ्यात पाणी सुकलं तर मूळ मरेल गं."

"आणि सकाळचं, साध्या पाण्यातलं?"

"तेव्हा मी इथेच असते. त्याला कशाला लावू?"

बोलून गेले आणि बाटली नाकाशी नेली. म्हणजे आजवर पॉलिश लागलं ते फक्त खारट पाण्यातल्या मुळांना. तो उग्र वास नेलपॉलिशमधल्या द्रावकाचा. तेलतूप विरघळवणाऱ्या द्रावकाचा.

खारट पाण्यातलं दुसरं मूळ घेतलं, पॉलिशशिवाय. दूध काढायलाही उठले नाही. छाती दुधाने दगडासारखी झाली, कुडता ओला झाला. पेशीभोवतीचं आवरण तलम, सलग होतं. मग साध्या पाण्यातल्या मुळाला पॉलिश लावून बघितलं. डोळ्यांदेखत ठिपके उमटत गेले.

मॅडमना बोलावून संगणकाच्या पडद्यावर ते दाखवलं.

"आजच बघायचं होतं हे तुला?"

"उद्या बघितलं असतं तर तुम्हीच मला फाडून खाल्लं असतं."

त्या हसल्या नाहीत. "ठिपके आता दाखवता येणार नाहीत. आणि त्याशिवाय तुझ्याकडे दाखवायला काही नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मी समितीला काय सांगू? पोरगी प्रामाणिक आहे? त्यावर जागा देत नाहीत गं."

पाळणाघराच्या ताई लेकीला कडेवर घेऊनच दारात आल्या.

"आज लवकर?"

"ताई, पुढच्या महिन्यापासून हिला नाही आणणार. मी घरीच असेन आता."

"अगंबाई! नशीबवान आहे पोरगी!"

मी हात पुढे केले. लेकीने माझ्याकडे बघितलं, ताईंच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.