तिसरा धडा

तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तकातला तिसरा धडा उघडला आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.

"वाचा."

धोंडुबाईंनी पदर सारखा केला, पुस्तकात डोळे घातले आणि गप्प बसल्या. देवळामागच्या त्या खोलीत सतरा बायका जीव मुठीत धरून बघत होत्या. दहाजणी पास झाल्या तरच हा साक्षरतेचा वर्ग चालू राहणार होता. नऊ झाल्या होत्या. धोंडुबाई शेवटच्या.

वर्ग शिकवणाऱ्या सरोजिनीबाई मनातल्या मनात धडा म्हणत होत्या. 'गणपत, लवकर ऊठ. बैल सोड.' एवढंच तर होतं! तिकडं शालूबाई वर्तमानपत्र घडाघडा वाचायला लागली, आणि ही म्हातारी आठ महिने इथंच अडून बसलेली. बाईंचा नियम कडक होता. धडा मोठ्यानं वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही, आणि अडलेल्यांनी मागं भिंतीशी बसायचं. बाईंनी समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं. धोंडुबाई ढिम्म.

साहेबांनी कागदावर फुली मारली.

आठवड्यानं बाई खडूचा डबा न्यायला आल्या, तेव्हा दारावरच्या नोटिशीपुढं बायकांचा घोळका होता. कुणीतरी खणखणीत आवाजात वाचत होतं.

"अपेक्षित संख्या पूर्ण न झाल्यामुळे सदर वर्ग एक जून एकोणीसशे एक्कावन्नपासून बंद करण्यात येत आहे."

शालूबाई असणार, असं बाईंना वाटलं. वाचत होत्या धोंडुबाई, आणि एकदाही अडखळल्या नाहीत.



"तुम्हाला वाचता येतं?"

"मागं बसून शालूचं बघून, ऐकून आलं की."

"मग तो धडा का नाही वाचला?"

धोंडुबाईंनी मान खाली घातली. शेजारची चिमणाबाईच बोलली.

"अवो, त्यात त्यांच्या मालकाचं नाव हाय की! मालक जाऊन धा वर्सं झाली, पर त्यांनी कधी तोंडातनं काढलं न्हाय."

"मला सांगायचं तरी! दुसरा धडा काढला असता."

"आमास्नी वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

ठाऊक असायलाच हवं होतं. बाईंच्या स्वतःच्या आईनं जन्मात कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. बाईंना मान वर करवेना.

धोंडुबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.

"बाकीचं समदं वाचलंय, बाई. घरात बसून," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी पान उलटू नगा म्हणलासा, म्हणून बोलले न्हाय."