दोन गाद्या

"हात घाला," मी म्हटलं. "खोगीर आणि घोडीच्या खांद्याच्या मधे. बघू जातोय का."

शंभूराजनं बोटं घालून पाहिली. पहिली पेरंच काय ती आत गेली.

"आवं चाची, म्हणून तर गाद्या मागतोय," तो हसला. "खोगीर अरुंद हाय. खाली दोन जाड गाद्या टाकल्या की झालं. सांगली ते खंडाळा, चार दिवस जायाचंय. मैनेला मऊ लागाय नको?"

"बूट चावतोय म्हणून आत दोन मोजे घालून तुमी खंडाळ्याला चालत जाल काय?"

तो पुन्हा हसला. पितळी फुलांचं ते खोगीर त्यानं मोबाइलवर फोटो बघून मागवलं होतं. मैना मात्र चांगली रुंद पाठीची घोडी.

"सांगाडाच रुंद पायजे," मी म्हटलं. "आठ दिवस द्या, करून देते."

"आठ दिवस कुठलं? परवा निघायचंय."

मी गादी दिली नाही.

पन्नास वर्षं मी या दुकानात लोकर पिंजली. माझा नवरा रसूल खोगीर शिवायचा, पोटात भरायची लोकर माझी. धनगरांकडून आलेल्या लोकरीतला एकेक काटा मी बोटांनी वेचलाय. हरभऱ्याएवढी गाठ राहिली तरी वीस मैलांत पाठ फुटते. घोडं बघितल्याशिवाय रसूल कुणालाही खोगीर देत नसे. पाठीवर तार वाकवून माप घ्यायचा. कण्यावर भार येऊ नये म्हणून मधे तीन बोटं मोकळी ठेवायचा. पहिल्या रपेटीनंतर खोगीर उतरवून घाम बघायचा. सगळी पाठ ओली आणि मधेच कोरडा डाग दिसला, की म्हणायचा, इथं दाबतंय, उसवा. एका बागायतदाराला त्यानं तीनदा परत पाठवलं होतं. लोक चिडायचे, आणि त्याच्याकडेच यायचे.

सहाव्या दिवशी दुकानापुढं टेम्पो थांबला.

"चाची, तुमच्या गाद्यांनी घोडीची वाट लावली!" शंभूराज रस्त्यावरूनच ओरडला.

"माझ्या गाद्या?"

मुजीब, माझा लेक, खाली बघत राहिला. त्या दिवशी मी जेवायला घरी गेले, तेव्हा यानं मागून दोन गाद्या देऊन टाकल्या होत्या.

"गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं, अम्मा?"

"तुझा बाप पाठवायचा तसं!"

मी मैनेला खाली उतरवायला लावलं. खांद्यामागं दोन्ही बाजूंना तळहाताएवढी कातडी सोलली होती. वर माशा. बोट घालायला जागा नव्हती तिथं यांनी चार बोटं जाडी कोंबली होती.

"तिनं सांगितलं असंल की तुमाला," मी म्हटलं. "काय करत हुती?"

"दुसऱ्या दिवसापास्नं नुसती मान झटकायची. पुढं पाऊल टाकंना. मला वाटलं माज आलाय."

"मग?"

टेम्पोवाला बोलून गेला, "मग काय, चाबूक!"

राग कुणावर काढू? याच्यावर, का पोटच्या पोरावर?

"बरं, चुकलं," शंभूराज म्हणाला. "आता तुमचं रुंद खोगीर द्या. रविवारी लग्नाची वरात हाय, नवरदेवाला हिच्यावर बसवायचंय."

"जखम भरून वर केस येईस्तोवर हिच्या पाठीवर फडकंसुदिक टाकायचं न्हाई."

"वरात तोंडावर आलीया, चाची!"

"नवऱ्याला चालत न्या. पाय हायत न्हवं त्याला?"

मुजीब मधे पडला, "अम्मा, भिंतीवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं एक रुंद तयार हाय..."

"त्याला हात लावून बघ तू."

मुजीबनं हात मागं घेतला.

"दुसरीकडं मिळंल आमाला," शंभूराज म्हणाला.

"मिळंल की," मी म्हटलं. "कुटंबी मिळंल."

टेम्पोला फळी लावली. मैना चढेना. टेम्पोवाल्यानं तिला थोपटायला हात वर केला. हात लागायच्या आधीच तिनं पाठ खाली दबवली.