मेरनने न उघडलेली पत्रे

मित्रांनो, मी नेब्रास्कातल्या एका कच्च्या रस्त्याच्या कडेला उभी असलेली टपालपेटी आहे. वयाने चांगली जुनी आहे. एमिल कुचेरा यांनी मला दुधाच्या रिकाम्या कॅनपासून बनवले. त्यांनी कॅन आडवा केला, तोंडाला बिजागरीचे झाकण लावले, बाजूला एक लाल झेंडी बसवली आणि नांगराच्या साखळीच्या कड्या वेल्डिंगने घट्ट जोडून माझा खांब उभा केला. आत पाठवायचे पत्र असले की झेंडी वर करायची, म्हणजे टपालवाली थांबते. तेव्हा जत्रेला जाणारी माणसे गाडी हळू करून मला बघायची.

पुढे सगळी खुशाली फोनवरच येऊ लागली. माझ्या वाट्याला जाहिराती उरल्या. एका हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीचा धक्का लागला आणि मी तिरपी झाले. ती तशीच राहिले. पण मला सांगायचे आहे ते माझे रडगाणे नव्हे. मला सांगायचे आहे एमिल यांच्या नातीविषयी, मेरनविषयी.

शाळेची बस माझ्यापाशीच थांबते, म्हणून ती पाच वर्षांची असल्यापासून मी तिला ओळखते. आई जॅनेल आणि आजोबा, एवढेच तिचे घर. सतराव्या वर्षी या मुलीने आसपासच्या एकतीस विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून तपासले. दोन विहिरींत खताचा अंश फार निघाला, आणि त्या दोन्ही घरांत तान्ही बाळे होती. "माझ्या विहिरीला नावं ठेवतेस? आमच्या तीन पिढ्या हेच पाणी प्यायल्या!" असे एक शेजारी तिच्यावर इथेच रस्त्यात ओरडला. ती वाद घालत बसली नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांदा तपासून तोच आकडा त्याच्या हातावर ठेवून आली. तेव्हापासून मला तिचे फार कौतुक.

तिने चार कॉलेजांना अर्ज केले. तीन दूर पूर्वेकडची, नावाजलेली. चौथे चाळीस मैलांवरचे, लहानसे एल्म ब्लफ कॉलेज. तिचे गुण त्याच्या मानाने इतके वरचे होते, की शाळेतल्या सल्लागारांनी त्याच्यापुढे 'हमखास' असे लिहून टाकले होते.

त्या हमखास कॉलेजची पत्रे वर्षभर माझ्या पोटात पडत होती. माहितीपत्रके, कॉलेज पाहायला येण्याची आमंत्रणे. तिथल्या प्रवेश विभागातल्या कोरा व्हिटेकर बाई तर पाकिटावर स्वतःच्या हाताने पत्ता लिहायच्या. मेरन ती पाकिटे न उघडताच कुंपणाजवळच्या कचरा जाळायच्या पिंपात टाकायची.

"अगं, फोडून तरी बघ," टपालवाली लोर्ना एकदा गाडीतूनच म्हणाली. "बाईने हाताने लिहिलंय."

"अहो लोर्ना, ते मला घेणारच आहेत. मग वाचायचं कशाला?"

त्या बाई तिच्या शाळेत आल्या, तेव्हा ही भेटायला गेली नाही. मुलाखत ऐच्छिक होती, ती दिली नाही. 'आमचेच कॉलेज का?' या प्रश्नाचे उत्तर तिने बसची वाट बघताना मला टेकून चार ओळींत लिहिले.

मार्चमधल्या एका सकाळी ती अशीच उभी होती. जॅनेल वृद्धाश्रमातल्या कामावर निघाली होती. लेकीचा चेहरा बघून तिने गाडी थांबवली.

"काय झालं?"

"वेटिंग लिस्ट."

"कुणाची? बोस्टनवाल्यांची?"

"नाही गं. एल्म ब्लफची."

पुढच्या दोन आठवड्यांत तिन्ही मोठ्या कॉलेजांनी तर साफ नाही म्हटले. बाकी सारी दारे बंद झाली होती. फक्त जिथे हिने कधी वळून पाहिले नव्हते, ते एकच दार अर्धे उघडे होते.

"माझ्या वर्गातल्या ग्रेडीला एल्म ब्लफने घेतलं, आजोबा! गणितात मीच शिकवायचे त्याला."

एमिल कुंपणाची तार ताणत होते. "ग्रेडी तिथे दोनदा जाऊन आला. तू गेलीस?"

"मी कशाला जाऊ? माझे गुण दिसत नाहीत त्यांना?"

"पोरी, आपल्या हॉलमध्ये जोडीजोडीने पोल्का नाच सुरू असतो. एखादी सगळ्यांत छान नाचणारी मुलगी येते आणि सारा वेळ दाराकडे बघत बसते. तिला नाचायला कोण विचारणार? विचारणाऱ्यालाही अब्रू असते."

मेरन तरातरा निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी ती त्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तळाशी बर्फाने भिजलेले एक पाकीट न जळता राहिले होते. ते तिने उघडले आणि माझ्या खांबाशी बसून वाचले. त्या कॉलेजची मुले दर उन्हाळ्यात आसपासच्या चार जिल्ह्यांतल्या विहिरींचे पाणी तपासतात, असे त्यात लिहिले होते. खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: "तुझ्या एकतीस विहिरींविषयी ऐकले. येऊन दाखवशील का?"

शनिवारी तिने आजोबांचा पिकअप काढला. संध्याकाळी परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"आजोबा, तिथल्या सरांनी मला थेट ओढ्यावर नेलं! त्यांच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे. सगळीकडे ठिपके आहेत आणि आपल्या गावाची जागा कोरी. इथलं पाणी कुणी तपासलंच नाहीये. ते आकडे माझ्याकडे आहेत!"

मग तिने माझ्यापाशीच बसून कोराबाईंना पत्र लिहायला घेतले. जॅनेलने ते वाचले आणि कपाळाला हात लावला.

"पाकिटं जाळली, हे कशाला लिहितेस? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा?"

"तेच तर खरं आहे, आई. ते गाळलं तर उरलेलं सगळं गोडगोड बोलणं होईल."

पत्र टाकताना तिने ते एकदा मोठ्याने वाचले, म्हणून मला ठाऊक आहे. "तुमची पत्रे मी न वाचता जाळली. तुम्ही मला घेणारच असे धरून चालले, म्हणून तुमचे कॉलेज मला हवे आहे हे सांगायची गरज वाटली नाही. ती माझी घमेंड होती. आता मी तुमचे कॉलेज पाहिले आहे. बोलावलेत तर मी नक्की येईन. नाही बोलावलेत तरी सोबतचे आकडे नकाशावर घ्या." एवढे लिहायला किती धैर्य लागते, मित्रांनो! चुकलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. चूक स्वतःच्या सहीनिशी पाठवणारी एवढी एकच पाहिली.

एप्रिल गेला. उत्तर नाही. मेरनने गावाजवळच्या, कुणालाही प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजात नाव घातले, आणि दर रविवारी नव्या विहिरींच्या बाटल्या भरणे चालूच ठेवले.

"आणि नाहीच घेतलं तुला तर?" एमिलनी विचारले.

"तर काय? पाणी कसं आहे ते लोकांना कळेल ना."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ती बसमधून उतरत असतानाच फोन वाजला. कोराबाई होत्या. मेरनने फोन स्पीकरवर टाकला, कारण तिला घ्यायला माझ्यापाशी आलेल्या आजोबांना कमी ऐकू येते.

"मेरन, एक जागा मोकळी झालीये. ती तुला दिली तर तू..."

"येणार! मी येणार!"

पलीकडे बाई हसल्या. मेरनने धीर करून विचारले, "मॅडम, आधी का नाही घेतलंत?"

"तुझे गुण बघून वाटलं, ही काही येत नाही. दरवर्षी अशी कितीतरी मुलं आम्हाला राखीव धरून ठेवतात आणि निघून जातात. बाळा, आम्हालाही कुणीतरी आवडीने निवडावं असं वाटतं गं."

एमिलनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "धूळ फार आहे आज."

ऑगस्टमध्ये ती गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने माझा खांब सरळ केला, गंज घासून काढला, बिजागरीला तेल घातले. आता माझे झाकण कुरकुरत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. जे हाताशी आहे, हक्काचे आहे, ज्याच्याकडे आपण कधीही जाऊ शकतो असे तुम्ही मनात धरून चालता, त्याच्या दाराशी एकदा जाऊन या. तू मला हवा आहेस, हे त्याला तोंडाने सांगा. कारण त्याला ते माहीत नसते.