शटरच्या बाहेरचा माणूस

लोधिवलीतल्या मालोजींच्या घरात एक भांडण सतरा वर्षे चालू होते आणि ते दारावरून होते. मालोजींना दार सहजी लावता येत नसे. लावायचेच झाले, तर ते आधी ओसरीवर येत, दोन्ही बाजूंना पाहत आणि मोठ्याने हाक देत, "येतंय खाली! कोण हाय बाहेर?" उत्तर आले नाही, तरी आणखी क्षणभर थांबत. दार आडवे लागते, ते खाली येत नाही, हे त्यांच्या पत्नीने, मोतीबाईंनी, अनेकदा सांगून पाहिले होते. त्या सकाळी या थांबण्याच्या अवधीत एक कुत्रे आत शिरले आणि सुकटीच्या टोपलीत तोंड घालून निघूनही गेले.

"कोंबडीला हाक, मांजराला हाक, आता कुत्र्याला पण पत्रिका छापा!" मोतीबाई कडाडल्या. "फ्लेक्सवर फोटू लागतो तुमचा, अन् घरात मूठभर सुकट राखता येत नाय!"

मालोजी खळ्याकडे निघून गेले. भाताची झोडणी चालू होती, म्हणजे नोव्हेंबर उलटत आला होता, आणि नोव्हेंबर उलटू लागला की ते घरात कमी बोलत.

वास्तविक त्यांचे गाव म्हणजे मुंबई. जन्म परळचा. लोधिवली हे वडिलांचे घर, मे महिन्यात आंबे खायला येण्यापुरते. पुढे त्या शहरातल्या एका मोठ्या रेल्वे स्थानकाच्या उपाहारगृहात त्यांनी अठ्ठावीस वर्षे चहा गाळला. तिथले लोखंडी शटर अवजड होते. ते एकदा एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर आले आणि तेव्हापासून तिथे नियम पडला, की ओढणाऱ्याने आधी हाक द्यायची, थांबायचे, मगच ओढायचे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री बंदूकधारी स्थानकात शिरले, तेव्हा ते शटर मालोजींनी ओढले. आत लपलेली अकरा माणसे वाचली. महिन्याभरात मालोजींनी नोकरी सोडली, लोधिवली गाठली आणि ज्या शहराने त्यांना चालायला शिकवले, त्याचे नाव निघाले की बोलणे भाताकडे वळवायचे, असे ठरवून टाकले.

तसे त्यांना करू देईल, तर तो समाज कसला! आपल्या लोकांना उघडे दुःख पाहवत नाही. त्यावर ताबडतोब शाल पांघरावी लागते. पुढच्याच वर्षी खालापुरातल्या एका शाळेने त्यांना सत्काराला बोलावले. तिथले शिक्षक, कमलेश सर, हे उत्साही आणि शब्दसंपन्न गृहस्थ. मालोजींना बोलता येणार नाही हे ओळखून त्यांनीच चार मिनिटांचे भाषण लिहून दिले: "मृत्यूच्या जबड्यातून अकरा प्राण खेचून आणणारा मी एक सामान्य चहावाला…" मालोजींनी ते पाठ केले. वर्षे गेली. सर बढती मिळून मुख्याध्यापक झाले आणि तेच भाषण तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धांत मुले हातवारे करून म्हणू लागली. जे घडले, त्यापेक्षा जे लिहिले, ते अधिक लोकांना ठाऊक झाले. इतिहासाचे याहून वेगळे काही क्वचितच होते.

त्या भाषणात विठूच्या वाट्याला एक वाक्य आले होते. विठू हा पळसदरीचा, मालोजींचा उपाहारगृहातला जोडीदार. "माझा सहकारी पहिल्याच गोळीला जागच्या जागी धारातीर्थी पडला." या वाक्याला टाळ्या पडत आणि पहिल्या रांगेत बसवलेली विठूची बायको, नंदा, पदर सावरत मान खाली घाली. तिला साडी आणि नारळ मिळे. कार्यक्रम संपला, की मंडपाच्या कडेला ती दरवर्षी एकच प्रश्न विचारी.

"भावजी, लगेच गेला ना तो?"

"लगेच, वयनी."

"मग बोटं कशानं ठेचली हुती?"

"चेंगराचेंगरीत, वयनी."

त्यानंतर दोघे वेगवेगळ्या रिक्षांकडे जात.

यंदा कमलेश सरांनी नाट्यप्रवेश योजला होता. सव्वीस नोव्हेंबर हा संविधान दिनही. तेव्हा सकाळी दहाला मुलांनी उद्देशिका वाचून बंधुतेचा उच्चार करायचा आणि साडेदहाला लाकडी बंदुका घेऊन एकमेकांना मारायचे, असा सुटसुटीत कार्यक्रम छापला गेला होता. शाळेलगतच्या व्यापारी संकुलात एक गाळा रिकामा होता. त्याला खरे शटर होते. सरांना तर आकाश ठेंगणे झाले.

"वास्तवदर्शी झाले पाहिजे, मालोजीकाका! तुम्ही फक्त एकदा प्रत्यक्ष ओढून दाखवा. मुलांना अंदाज येईल."

तालमीला नंदालाही बोलावले होते. विठूचे काम करणाऱ्या मुलाचा पोशाख बरोबर आहे का, हे तिने सांगायचे होते. ती गाळ्यासमोर खुर्चीवर बसली. अकरा मुले आत जाऊन हसत, ढकलत उभी राहिली. मालोजी त्यांच्यापुढे उभे राहिले, त्यांनी सवयीने हाक दिली, मग हात वर केला आणि शटर ओढले. गाळ्यात अंधार झाला. तळाशी चार बोटे उजेड राहिला.

सरांना ध्वनीची काळजी होती. ते पुढे झाले आणि त्यांनी बाहेरून शटरवर तळहाताने तीनदा थापा मारल्या.

"मागेपर्यंत ऐकू येतंय का रे?"

आतून उत्तर आले, पण ते सरांना नव्हते.

"हात काढ, विठू! हात काढ रं! मी दाबतोय, हात काढ!"

मुलांचे हसणे थांबले. कोणीतरी रडू लागले. सरांनी घाईघाईने शटर वर केले. मालोजी उजवा पाय जमिनीवर रेटून उभे होते. पायाखाली काही नव्हते, तरी ते रेटत होते. समोर नंदा उभी होती.

"मुलांनो, वर्गात जा," सर म्हणाले. मुले गेली.

नंदाने आपली खुर्ची ओढून आणली आणि मालोजींना बसवले. स्वतः शटरच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसली.

"आता बोला, भावजी. कागदावरचं नको."

मालोजी बोलले. सतरा वर्षे पाठ केलेल्या वाक्यांतले एकही त्यात नव्हते. "विठू ट्रे घेऊन बाकड्यांवरचे गलास गोळा करायला गेलेला. आवाज आला, आमाला वाटलं फटाके. मग माणसं आत घुसली. मी शटर ओढलं. हाक नाय दिली, वयनी. रोज देतो, त्या दिवशी नाय दिली. तेवढ्यात खालनं हात आत आला. मी वळखला तो हात. वर उचलायचं, तर मी पायानं दाबलं. निघेपर्यंत दाबलं."

"मग?"

"मग त्यानं थापा मारल्या. बोलला, 'मालोजी, मी हाय रं. विठू.' तीनदा बोलला. मग गप झाला. मग…"

पुढचे त्यांना सांगता आले नाही आणि ते सांगायची गरजही नव्हती.

कमलेश सर स्तब्ध ऐकत होते. पण शब्दसंपन्न माणसाची स्तब्धता फार टिकत नाही. त्यांचे डोळे हळूहळू चमकू लागले. "गप झाला? म्हणजे त्याने जाणूनबुजून मौन पत्करले! आतल्या अकरा जणांचा ठाव लागू नये म्हणून! नंदाताई, अहो हे तर हौतात्म्य! खरा नायक विठूच! आपण प्रवेश बदलू या. शेवटी प्रकाश त्याच्यावर…"

"सर, गप बसा!"

तालुक्यात कमलेश सरांना असे कोणी म्हटले नव्हते. ते खरोखर गप बसले.

"तो घाबरला हुता," नंदा म्हणाली. "पाल पडली अंगावर तरी बोंबलायचा तो. त्याला आत यायचं हुतं. घरी यायचं हुतं. गप का झाला ते ना तुमाला ठाव, ना मला. मेला तो मेला, आता त्याला घाबरू पण देणार नाय का तुमी? हुतात्मा झाला की तुमाला बरं वाटतं. टाळ्या वाजवून घरी जाता येतं. मला माझा माणूस पायजे, सर. घाबरलेला का असंना, माझा पायजे."

मग ती मालोजींकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. उलट खाली आला, आणि म्हणून तो ऐकणे अधिक अवघड झाले.

"भावजी, शटर ओढलंत याचा राग नाय. आत अकरा जीव हुते, मी असते तर मी पण ओढलं असतं. दाबलं पण असतं, कोणाला ठाव. मारणारे बंदुका घेऊन आलेले, तुमी नाय. पण माझ्या माणसाचं शेवटचं बोलणं तुमी सतरा वरसं खिशात घालून फिरलात. मी दरवरसाला हात पसरला अन् तुमी मला नारळ देऊन वाटेला लावलंत."

"मी काय करू, वयनी?"

"सव्वीसला हे बोला. पोरांपुढं."

"लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत. टाळ्या पचल्या ना एवढ्या वरसाच्या? हे पण पचंल."

घरी येऊन मालोजींनी मोतीबाईंना सगळे सांगितले. मोतीबाई बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. ज्या हाकेवरून त्या सतरा वर्षे भांडल्या, ती कोणाला होती, हे त्यांना आता कळले होते. अखेर त्या एवढेच म्हणाल्या, "जा. अन् जाताना तो सरांचा कागद नेऊ नका."

सव्वीस तारखेला मैदान भरले होते. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर हल्ल्यातल्या मृतांना मिळून एक ओळ होती आणि श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे बावीस हसरे चेहरे होते. नाट्यप्रवेश रद्द झाल्याचे सरांनी सांगितले. कारण सांगितले नाही. मालोजी उठले. पहिल्या रांगेत नंदा होती, तिच्या शेजारी मोतीबाई.

"माझं भाषण तुमाला पाठ हाय," मालोजी म्हणाले. "ते इसरा. त्यातलं अकरा माणसं वाचली तेवढं खरं. माझा जोडीदार विठू जागच्या जागी नाय गेला. तो शटरपाशी आलेला. त्याचा हात आत हुता अन् मी तो पायानं दाबून बाहेर काढला. त्यानं नाव घेऊन मला हाक मारली. मी उघडलं नाय. उघडलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाव नाय. मी शूर नव्हतो. मी घाबरलो हुतो. तो पण घाबरला हुता. एक शटर मधी हुतं म्हणून मी इथं उभा हाय. त्याच्या बायकोशी मी सतरा वरसं खोटं बोललो, ते मात्र भीतीनं नाय. ते या शालीपायी!"

त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि घडी घालून खुर्चीवर ठेवली.

मागे कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि दुसरी वाजवण्याआधी त्याचा हात थांबला. कार्यपत्रिकेत दोन मिनिटांचे मौन छापलेले होते. दरवर्षी ते प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने चाळीस सेकंदांत आटपे. यंदा कोणी आज्ञा न देता ते सुरू झाले आणि किती वेळ चालले, हे कोणी मोजले नाही. आभार मानायला उभे राहिलेले कमलेश सर ध्वनिक्षेपकासमोर पोहोचले, त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिले आणि तो खिशात ठेवला. "मुलांनो," ते म्हणाले, "तुम्हाला पाठ करायला दिलेले ते भाषण माझे होते. चूक माझी होती." सतरा वर्षांतले त्यांचे हे सर्वांत लहान आणि सर्वांत चांगले भाषण.

नागरिकहो, आपल्या शहरावर हल्ला करणाऱ्यांनी माणसे मारली. त्यानंतरचे काम आपण केले. त्या माणसांची भीती, त्यांचे हात, त्यांच्या हाका पुसून त्या जागी आपण पुतळे उभे केले, कारण पुतळा प्रश्न विचारीत नाही. जे वाचले, त्यांना नायक करून आपण त्यांची तोंडे बंद केली. जे गेले, त्यांना हुतात्मे करून त्यांच्या बायकांना नारळ दिले. याला आपण स्मरण म्हणतो! स्मरण म्हणजे सत्कार नव्हे. जे घडले, ते जसेच्या तसे ऐकून घेण्याचे धैर्य म्हणजे स्मरण; आणि ते सांगणाऱ्याला आपण शिक्षाही करायची नसते, शालही द्यायची नसते. फक्त ऐकायचे असते.

मैदान रिकामे झाले, तेव्हा नंदा मालोजींपाशी आली. तिने यंदा साडी घेतली नव्हती. तिने कोणताही प्रश्न विचारला नाही.

"रविवारी पळसदरीला जेवायला या, भावजी. मोतीवयनींना पण आणा."

मालोजींना तिच्याकडे पाहवेना. "मी येऊ?"

"मरणाचं सांगितलंत, आता बाकीचं सांगा. अठ्ठावीस वरसं त्याच्यासंगती हुतात तुमी. मला तो सुट्टीपुरता मिळायचा. गलास लई फोडायचा का हो तो?"

"लई," मालोजी म्हणाले, आणि खालापुरातल्या त्या मैदानावर सतरा वर्षांत पहिल्यांदा रडू लागले. "लई फोडायचा, वयनी. अन् नाव माझं सांगायचा."