थरथरती जीप आणि नालवाले महाराज

पालघरच्या बाजारात त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती की मासळीची टोपली टेकवायला जागा उरली नव्हती. मधोमध उभी होती भगवंतची जीप. लष्कराच्या लिलावातली, चारी चाकांना ओढ असलेली, पार म्हातारी. बॉनेटवर नारळ, काचेवर गुलाल, आणि पुढ्यात डोळे मिटून डोलणारे नालवाले महाराज! गळ्यात टांग्याच्या घोड्याचे नाल ओवून फिरायचे, म्हणून हे नाव.

"ही गाडी थरथरते!" महाराज गरजले. "का थरथरते? भिते म्हणून! लोखंडाला भीती वाटते, म्हणजे आत कुणीतरी बसलंय!"

"बसलंय!" गर्दीने री ओढली. लोखंड भितं कसं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आत बसलंय ते कुणी आणलं, हेही महाराजांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. सातपाटीच्या इंदुबाईने. ती रोज सकाळी सुकी मासळी घेऊन याच जीपने बोईसरला जायची. विधवा बाई. नवरा वामन होडीसकट गेला, तो सापडलाच नाही. तोच बायकोच्या मागोमाग गाडीत चढतो म्हणे. महाराजांना याहून सोयीचं भूत कुठलं मिळणार?

खरं दुखणं वेगळंच होतं. एशियाडच्या साली दसऱ्याला भगवंतने महाराजांकडून जीपची पूजा करवून घेतली. महाराजांनी भोवती चादरी धरायला लावल्या, खाली सरपटत जाऊन 'गाडीच्या पोटात बंधन' बांधलं आणि बाहेर येऊन आण घातली, "खाली वाकून जो बघेल त्याचे डोळे जातील!" तेव्हा इंदुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली होती, "महाराज, गळ्यात नाल घालून फिरता, टांग्याला कदी जुंपून घेता?" सारा बाजार हसला. महाराज तेवढे हसले नाहीत.

दसऱ्यानंतर जीप थरथरायला लागली. भगवंतने चाकं बदलली, टायर बदलले. बोईसरचा मिस्त्री म्हणाला, "नीचे देखना पड़ेगा." भगवंतची पाचावर धारण बसली आणि तो तसाच परत फिरला. मग महाराजांनी आणखी दोनदा बंधन बांधलं. थरथर वाढली. एके दिवशी महाराज स्वतः पुढच्या सीटवर बसले, इंदुबाईला गाडीत चढूच दिलं नाही, आणि काय नवल! बोईसरपर्यंत गाडी हूं की चूं नाही. झालं! बाई नाही तर थरथर नाही. निकाल लागला. आज बोईसरच्या अलीकडच्या मठात इंदुबाईने उकळत्या तेलातून नाल काढून दाखवायचा होता. हात भाजला तर ती भुताळी. आणि भुताळीला ना गाडी, ना बाजार, ना गावात थारा.

तेलात घातलेला हात भाजणार नाही तर काय थंड होणार? पण हे सांगणार कुणाला!

"चढा बाई," भगवंत खाली मान घालून म्हणाला. काल-परवापर्यंत तो तिला मावशी म्हणायचा.

दोन धट्ट्याकट्ट्या बायकांनी तिला टोपलीसकट मधे दाबून बसवलं. मागची फळी वर झाली, साखळी खटकन अडकली. समोर नवसी बसली होती, डोंगराकडची, रानभाजी विकणारी. तिचेही डोळे भरले होते, पण बोलायची सोय नव्हती. महाराज कुणाच्या तरी स्कूटरवर बसून तेल तापवायला पुढे गेले.

जीप निघाली. इंदुबाईने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. या हाताने बोंबील साफ करायचे, कोळंबी सोलायची, टोपली उचलायची. हाच गेला तर खायचं काय? उडी मारावी तर फळीला साखळी. ओरडावं तर ऐकणार कोण, सगळे बघायलाच आलेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आतून तिचं तिलाच वाटायला लागलं होतं, खरंच वामन तर नसेल ना गाडीला लटकलेला? भेटायला आला असेल तर? तिला रडू कोसळलं.

"मावशे," नवसी हळूच म्हणाली, "रडू नुको. महाराज पुढं बसलं त्या दिशी मी होती गाडीत. महाराज भगवंताला सारखं सांगत व्हतं, हळू ने, देवाला वारा लागतं. बैलगाडी पुढं गेली आमच्या."

"गप गं!" एक धट्टीकट्टी डाफरली.

एवढ्यात कोळगावची सरळ सडक लागली. भगवंतने गाडी दामटली आणि थरथर सुरू झाली. फळ्या खडखडल्या, दात वाजले, बायका "आलं, आलं!" करत किंचाळल्या. थरथर इंदुबाईच्या तळपायांतून गुडघ्यांत चढली आणि तिचं रडू एकदम थांबलं. ही थरथर तिच्या ओळखीची होती! होडीच्या पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळला की वामनची होडी अशीच थरथरायची. हळू चालवली की गप्प, जोर दिला की हाडं खिळखिळी. मग वामन शिव्या देत पाण्यात बुडी मारायचा आणि दोर कापून यायचा.

"भगवंता, हळू कर!" ती ओरडली.

तिच्या आवाजाने दचकून त्याचा पाय उचलला गेला. थरथर थांबली.

"आता जोर कर!"

थरथर आली.

"अरे देवा, हिचा हुकूम ऐकतंय ते!" बायका एकमेकींना बिलगल्या.

"माझा नाय, तुमच्या भगवंताच्या पायाचा हुकूम ऐकतंय! थांबव गाडी. थांबव म्हणते ना!"

जीप थांबली. "उभ्या गाडीत इंजिन वाढव," इंदुबाई म्हणाली. इंजिन कोकललं, पण थरथर नाही. "म्हंजे इंजिनात नाय. गाडी चालली की जे फिरतं, त्यात हाय. आता मला उतरव आनि माझ्याशिवाय जोरात जाऊन ये."

भगवंतने साखळी काढली. जीप सडकेने पळत गेली, परत आली.

"थरथरली?"

"थरथरली," भगवंत म्हणाला.

"तिनं छाया ठेवली असेल मागं!" धट्टीकट्टी म्हणाली. बघा, अक्कल गहाण टाकली की माणसाला उत्तर कसं लगेच सुचतं.

इंदुबाईने टोपलीतली सुरी घेतली आणि जीपखाली वाकली.

"मावशी, नको!" भगवंतने तिचा हात धरला. इतक्या दिवसांनी पुन्हा मावशी! "डोळे जातील!"

"हात तळायला निघालाच हायसा. डोळ्यांची काळजी आता कशाला?"

ती सरपटत आत गेली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा, ज्याला ड्रायव्हर लोक शाफ्ट म्हणतात, त्याच्या एका अंगाला लाल फडक्यात आवळलेलं एक गाठोडं होतं. तिने दोर कापले. गाठोडं छातीवर पडलं. आत तीन जाडजूड नाल! दसऱ्याचा एक, नंतरच्या 'बंधनां'चे दोन. एका बाजूला एवढं लोखंड घेऊन तो दांडा गरगर फिरणार, तर गाडी थरथरणार नाहीतर काय आरती म्हणणार? म्हणून वेगात थरथर. म्हणून कच्च्या रस्त्यावर, हळू चालीत, काही नाही. म्हणून महाराज पुढे बसले की देवाला वारा लागायचा!

इंदुबाई बाहेर आली. केसांत माती, तोंडावर ग्रीस, आणि डोळे? चांगले लखलखीत.

"दिसतं मना. तुज्या गालावरली माशी पन दिसते," ती धट्टीकट्टीला म्हणाली.

मठापर्यंत भगवंतने गाडी पळेल तेवढी पळवली. जीप लोण्यावरून चालावी तशी गेली. बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या.

मठात गर्दी जमली होती आणि कढई उकळत होती. इंदुबाईने तीनही नाल महाराजांसमोर टाकले. "ही घ्या तुमची भुतं. तुमच्याच गळ्यातली हायेत, मोजून बघा. आता तेलात एक टाकते, आदी तुमी काढून दाखवा."

"आज... आज आमचं मौन आहे," महाराज म्हणाले.

"बोललात की!" नवसी म्हणाली, आणि गर्दी खदखदून हसली. त्या हशात महाराज मागच्या दाराने स्कूटरकडे कधी सटकले ते कळलंच नाही.

वाचकहो, त्या बाईने कुठलं मोठं शास्त्र वापरलं? हळू करून पाहिलं, जोर करून पाहिलं, स्वतः उतरून पाहिलं, आणि जिथे बघू नको म्हणून आण घातली होती नेमकं तिथे वाकून पाहिलं. तुम्हालाही कुणी 'इथे बघू नका' म्हणालं, तर आधी तिथेच बघा. तुम्ही नाही बघितलं, तर कढईत हात दुसऱ्या कुणाचा तरी जातो.

परतीच्या वेळी भगवंतने पुढची सीट पुसली. "मावशी, तू पुढं बस. चुकलं माझं."

"पुढं नको," इंदुबाई म्हणाली. नवसीचा हात धरून ती मागे चढली, टोपली मांडीवर घेतली, आणि फळी वर करायला आलेल्या भगवंतकडे पाहिलं.

"फळी लाव. पन साखळी नको."