वीज गेल्यावर जागा होणारा सॉकेट

जपानमधल्या चिबाच्या किनाऱ्यावर कुसाकांचं घर आहे, त्याच्या भिंतीतला सॉकेट मी. दहा वर्षांत मला कोणी विचारलं नाही, म्हणून आज बोलून घेतो.

घरात माझी भावंडं पुष्कळ. कोणी टीव्हीला पोसतं, कोणी भाताच्या कुकरला. मी मात्र थेट छतावरच्या सौर पाट्यांच्या इन्व्हर्टरला जोडलेला. बाहेरची वीज गेली तरच माझं काम. मिस्त्रीने हे कुसाकासानना नीट सांगितलं होतं. ते तेव्हा पाट्या रस्त्यावरून दिसतात का, हे बघत होते.

दिसत होत्या. मागच्या घरातल्या हिराओकासानना तर जरा जास्तच. असं काम काढण्याआधी इथे शेजाऱ्यांकडे भेटीचा टॉवेल घेऊन 'त्रास होईल, सांभाळून घ्या' म्हणायला जातात. कुसाकासान समोरच्या तीन घरी गेले, मागे गेलेच नाहीत. नेमकी पाट्यांवरून परतलेली उन्हाची तिरीप हिराओकासानच्या खोलीत घुसली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. इकडे कुसाकासानच्या बायकोने, फुमिएबाईंनी, माझ्यापुढे टॉयलेट पेपरचे गठ्ठे रचले.

काल वादळ आलं. खांब आडवे झाले, वीज गेली. आज सकाळी लख्ख ऊन पडलं, तसे कुसाकासान ऐटीत बटण दाबायला गेले. दिवा लागेना.

"अहो, जग अंधारात बुडालं तरी आमचा भात शिजेल, असं गावभर सांगत होतात ना?" फुमिएबाई म्हणाल्या. "शिजवा आता!"

बाहेरच्या तारा मेल्या की आमच्या पाट्याही आपणहून घराला वीज द्यायच्या थांबतात, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. उरतो मी एकटा. पण हे त्यांना सांगणार कोण?

दुपारी हिराओकासान दारात उभे. हातात बादली, बादलीत पाच गुबगुबीत सोनमासे आणि बंद पडलेला हवेचा पंप. बायको गेल्यापासून त्यांना घरात सोबत ती एवढीच.

"कालपासून हाताने पाणी ढवळतोय. आता हात चालत नाहीत. तुमच्या छतावर एवढं ऊन आहे, म्हणून आलो."

कुसाकासानची मान खाली गेली. "नाही हो चालत. नुसता दिखावा आहे."

मासे पाण्यावर तोंडं वासत होते. फुमिएबाईंनी माहितीपुस्तिका शोधली, एकतिसावं पान वाचलं आणि धावत आल्या. गठ्ठे धडाधड कोसळले, इन्व्हर्टरचं बटण फिरलं, पंपाचा प्लग माझ्यात शिरला. पाण्यात बुडबुडे उठले. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

दोघं बादलीशी मांडी घालून बसले.

"त्या तिरिपीचं माझं चुकलंच," कुसाकासान म्हणाले.

"चुकलंच. दहा वर्षं दुपारी डोळ्यांवर रुमाल टाकून झोपतोय."

"हा केवढा फुगलाय! याचं नाव काय?"

हिराओकासान जरा घुटमळले. "याला मी कुसाका म्हणतो."

कुसाकासान आधी लाल झाले, मग पोट धरून हसले.

आत्ताच स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरला.

"अहो, वीज आली!" फुमिएबाई ओरडल्या.

"आली असेल. तू चहा टाक, दोघांना."

हिराओकासानही उठलेले नाहीत. ऊन अजून तासभर आहे. माझी एकच विनंती, तोवर प्लग काढायची घाई कोणी करू नका.