मोज्याला वास येतो म्हणे

मित्रांनो, मी एक मोजा आहे. जुना, राखाडी, लोकरीचा आणि एकटा. मोज्याने आपली कहाणी सांगायला बसावं हे फारसं शोभत नाही, हे मलाही कळतं. मी गप्पच राहिलो असतो. पण भरल्या दुकानात माझ्यावर एक आळ आला, आणि ज्याने तो घेतला त्याने तो आजवर मागे घेतलेला नाही.

मला विणलं दुकानदाराच्या सासूबाईंनी. जावयासाठी त्यांनी हौसेने जोडी विणली. जावयाने ती एकदाच घातली आणि टोचते म्हणून काढून ठेवली. लोकर टोचत होती की सासूबाई, ते त्याचं तो जाणे. पुढे माझा जोडीदार धुण्यात हरवला आणि मी बिनकामाचा झालो.

दुकान वाइनचं, युरोपातल्याच एका गावात. तीन पायऱ्या उतरून जायचं, अरुंद आणि गार. नामवंत घराण्यांच्या बाटल्या वरच्या फळीवर होत्याच, पण दुकानदाराचा जीव युरोपातल्या लहानसहान द्राक्षमळ्यांवर. वर्षातून दोनदा तो स्वतः हिंडायचा आणि अशी पांढरी नि लाल वाइन शोधून आणायचा, की बड्या बाटलीच्या पाव किमतीत मिळावी आणि चवीत तिला हार जाऊ नये. पण लोक ती उचलायचेच नाहीत. लेबल साधं, नाव अनोळखी, त्यात स्वस्त. म्हणजे माल हलकाच असणार, असा त्यांचा हिशेब.

तेव्हा दुकानदाराला मी आठवलो. दर शनिवारी दुपारी तो गिऱ्हाइकांना घोटघोट वाइन चाखायला द्यायचा. त्यातली एक बाटली माझ्यात घालायचा. तिचं बूड माझ्या बोटांत, पोटाशी माझी टाच फुगलेली, आणि वर फक्त तिची मान. नियम एकच होता: आधी चाखा, मग बोला, मग बघा. हे काम मी दहा वर्षं केलं. दर शुक्रवारी त्याची बायको मला साबणाने धुवायची आणि खिडकीत वाळत घालायची. हे मुद्दाम सांगतो, लक्षात असू द्या.

दहा वर्षांत मी जे पाहिलं, त्याची चीड अजून जात नाही. माणसं डोळे मिटून घोट घेत, वा वा करत, कुणाला तिच्यात पिकलेली नासपती आठवत, कुणाला पावसाने धुतलेला दगड. मग मला काढलं की आतून साधं लेबल निघे. लगेच तोंडं बदलत. कुणी म्हणे, तरी मला जरा पातळच वाटली होती. अहो, जीभ तीच, घोट तोच. मग बदललं काय?

एक मळेवाली बाई होती. नवरा-बायकोचा मिळून एक उभ्या उताराचा मळा. नवऱ्याचे गुडघे गेलेले, म्हणून पांढऱ्या वाइनची खोकी ती स्वतःच पोचे आलेल्या गाडीतून घेऊन यायची. त्या वर्षी तिने दुकानदाराला सांगितलं, की साठ खोकी गेली तरच मळा टिकेल. नाहीतर हिवाळ्यात वेली उपटायच्या आणि जमीन एका मोठ्या कंपनीला द्यायची.

दुकानदार म्हणाला, "मावशी, शनिवारी मोज्यात तुमचीच बाटली. चार लोकांना आवडली, की साठ खोकी मी घेतली."

शनिवारी ती दाराशी, अंगातला कोट न काढता उभी राहिली. ती कोण, हे गिऱ्हाइकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी वर्तमानपत्रात वाइनवर लिहिणारे एक पारखी आले. माझ्या टाचेला तेव्हा भोक पडलं होतं. शिवते, शिवते म्हणता दुकानदाराच्या बायकोचं राहून गेलं होतं. पारख्यांनी बाटली हातात घेतली, सहज घेतल्यासारखी फिरवली, आणि भोकातून त्यांना सोनेरी काहीतरी दिसलं. वरच्या फळीवर सोनेरी लेबलाचं एकच बडं घराणं होतं.

त्यांनी नाक ग्लासात घातलं न घातलं आणि म्हणाले, "नाव घ्यायची गरज नाही. असा गारवा या एकाच घराण्याला जमतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुकानदाराने मला काढलं. आत मावशीची बाटली. तिच्या घरचा डिंक संपला होता, म्हणून तिने लेबलाचे कोपरे भेटवस्तूंना लावायच्या सोनेरी चिकटपट्टीने चिकटवले होते.

पारख्यांनी आणखी एक घोट घेतला.

"तरीच," ते म्हणाले. "मघापासून मागे कसलासा वास येतोय. मोज्याचा."

हशा पिकला. एकामागून एक ग्लास टेबलावर परत आले. ज्यांनी आताच मिटक्या मारल्या होत्या, त्यांचेच. चूक डोळ्यांची, आणि शिक्षा मला? नाही, मला काय व्हायचं होतं? शिक्षा दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईला. आणि दुकानदार, ज्याने हा नियम केला, तो एक शब्द बोलला नाही. त्याने मला गुंडाळलं आणि खणात टाकलं. भित्रा माणूस. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो, असं छातीठोकपणे मलाही म्हणवत नाही. तरीही राग येतो.

खणात मला आवाज ऐकू आला तो एका निवृत्त नर्सबाईंचा. त्या दर शनिवारी यायच्या, कधी मत देत नसत.

"मला मघाशी आवडली होती," त्या म्हणाल्या. "ग्लास तोच आहे, मीही तीच आहे. एक खोकं द्या."

मग थोडं खाकरणं ऐकू आलं. गिऱ्हाइकांतल्या एका शिंप्याने दोन खोकी मागितली, आणखी काहींनी एकेक. दुकानदाराने शेवटी तीस घेतली. साठ नव्हेत. हिवाळ्यात खालच्या उताराच्या वेली उपटल्या, वरच्या राहिल्या. अर्धा मळा वाचला असं लोक म्हणतात. अर्धा गेला, असं कुणी म्हणत नाही.

शनिवारची चाखणी बंद पडली. वर्षभर मी जुन्या बुचांशेजारी पडून होतो. परवा मावशी आली. लेबलं आता नीट डकवलेली होती. तिने विचारलं, मोजा कुठे? दुकानदार पुटपुटला, की लोक म्हणतात, वास येतो.

तिने स्वतः खण उघडला. चार गिऱ्हाइकांसमोर मला नाकाशी धरलं आणि घाई न करता हुंगलं, वाइन हुंगावी तसं.

"साबणाचा येतो," ती म्हणाली.

मग सुई-दोरा मागून खोक्यावर बसली आणि भोक शिवलं. दुकानदार खाली बघत उभा होता. थोड्या वेळाने त्याने तिचीच एक बाटली फळीवरून काढून माझ्यात घातली.

मित्रांनो, मोजा काय, मळा काय, फाटल्याबरोबर शिवा. उद्यावर टाकू नका. आणि एकदा जिभेने खरं सांगितलं, की डोळ्यांच्या भीतीने ते गिळू नका. माझं म्हणणं खोटं वाटत असेल, तर शनिवारी या. माझ्यातून आता काहीच दिसत नाही. चाखावंच लागेल.